नंदेश्वर कोठी

श्रोतेहो, काशीला जाणारा मराठी माणूस बहुधा गंगेच्या काठावरूनच काशी पाहतो. अहल्याबाईंनी बांधलेले विश्वेश्वराचे देऊळ, नागपूरकर भोसल्यांचा घाट, कोणा पेशव्याने बांधलेल्या पायऱ्या, हे सारे पाहून झाले की त्याला यात्रा सफळ झाल्यासारखे वाटते. परंतु या नगरीचा एक इतिहास नदीकडे पाठ करून उभा आहे. शहराच्या दाटीवाटीतून बाहेर पडून छावणीच्या दिशेने निघाले म्हणजे नदेसर नावाची वस्ती लागते. तेथे आंब्यांच्या आणि फुलझाडांच्या विस्तीर्ण आवारात एक जुनी कोठी आहे. जुने लोक तिला नंदेश्वर कोठी म्हणत. नंदेश्वराचाच बोलीतला उच्चार म्हणजे नदेसर. दोन शतकांपूर्वी त्या जागी एक इंग्रज कुटुंब राहत होते. त्या घराची आणि त्या कुटुंबाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

आरंभी 'कोठी' या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्याकडे कोठी म्हणजे धान्याची खोली. उत्तरेत सावकाराची पेढी ती कोठी, कंपनीची वखार ती कोठी, निळीच्या मळ्यांवर राहणाऱ्या गोऱ्या मालकाचे घर तेही कोठीच. आणि कालांतराने बागेत बांधलेल्या कोणत्याही प्रशस्त बंगल्याला कोठी म्हणू लागले. अर्थ निरनिराळे असले तरी त्यांच्या मुळाशी एक समान कल्पना आहे: आसपासच्या मुलुखात जे पिकते ते जेथे येऊन साठते ती जागा. जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ १८९७ साली बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत निळीचे मळे ओस पडले. मळेवाल्यांच्या कित्येक कोठ्यांची तेव्हा नावनिशाणीही उरली नाही. नंदेश्वर कोठी टिकली, कारण तिचा संबंध एका पिकाशी नव्हता, राज्याच्या कारभाराशी होता. परंतु तो कारभारही अखेर शेतातल्या उत्पन्नावरच चालत होता, हे विसरून चालणार नाही.

हा कारभार इंग्रजांच्या हाती कसा आला? १७७५ साली अयोध्येचा नवाब आसफउद्दौला याने बनारसचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीला दिला. तेथील राजा चेतसिंह कंपनीला दरसाल बावीस लाखांहून अधिक रुपये खंडणी देऊ लागला. तेवढ्याने भागेना, म्हणून गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने युद्धखर्चासाठी जादा रकमेचा तगादा लावला आणि १७८१ च्या ऑगस्ट महिन्यात तो स्वतः बनारसला येऊन थडकला. शहराबाहेर माधोदास यांची बाग होती, तेथे तो उतरला. त्याने शिवाला येथील वाड्यात राजाला अटकेत ठेवताच लोक खवळले आणि अटक करणारे शिपाई कापले गेले. हेस्टिंग्जला रातोरात चुनारच्या किल्ल्याकडे पळावे लागले. चेतसिंह अखेर परागंदा होऊन ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांच्या आश्रयास गेला आणि पुढे तेथेच वारला. त्याच्या जागी बसविलेल्या राजाची खंडणी चाळीस लाखांवर गेली आणि न्याय, पोलीस व वसुली यांची सूत्रे क्रमाक्रमाने इंग्रज अधिकाऱ्यांकडे आली.

या अधिकाऱ्यांपैकी जोनाथन डंकन याचे नाव मुंबईकरांना परके नसावे. १७८७ पासून १७९५ पर्यंत तो बनारसचा रेसिडेंट होता. तेथे त्याने १७९१ साली संस्कृत पाठशाळा स्थापन केली आणि जमीनमहसुलाचा कायमचा ठरावही केला. नंतर तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११ साली मुंबईतच मरण पावला. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचे स्मारक आहे. डंकन गेल्यानंतर काही काळाने बनारसला न्यायाधीश व मॅजिस्ट्रेट म्हणून जो मनुष्य आला त्याचे नाव सॅम्युअल डेव्हिस. नंदेश्वर कोठीचा रहिवासी तो हाच.

डेव्हिसचा जन्म १७६० साली वेस्ट इंडीजमध्ये झाला. तरुणपणीच तो कंपनीच्या सैन्यात हिंदुस्थानात आला. चित्रकलेत त्याचा हात चांगला होता. म्हणून १७८३ साली भूतानला गेलेल्या इंग्रज वकिलातीबरोबर त्याला पाठविण्यात आले. त्याने काढलेली भूतानच्या किल्ल्यांची आणि डोंगरांची चित्रे त्या देशाच्या सर्वांत जुन्या चित्रांत गणली जातात. पुढे भागलपूरला वसुलीच्या कामावर असताना त्याला एक वेगळाच नाद लागला. हिंदू पंचांगात ग्रहणे आधीच कशी वर्तविली जातात, हे त्याला समजून घ्यायचे होते. ब्राह्मण ज्योतिषी जुनी कोष्टके पाठ करतात, त्यांतले मर्म त्यांना ठाऊक नसते, असे बहुतेक युरोपीय लोक तेव्हा समजत. डेव्हिसने 'सूर्यसिद्धान्ता'ची पोथी मिळविली, पंडितांच्या साहाय्याने ती लावली आणि स्वतः ग्रहणाचे गणित करून पाहिले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत १७९० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने दाखवून दिले की, ही रीत सुसंगत आहे आणि तिचे जाणकार हयात आहेत. दुसऱ्या एका निबंधात त्याने साठ संवत्सरांच्या चक्राचा विचार केला. प्रभव, विभव, शुक्ल ही नावे आपण गुढीपाडव्याला पंचांगश्रवणात ऐकतो, तेच हे चक्र. १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सभासद करून घेतले.

असा हा मनुष्य पत्नी आणि दोन मुले यांच्यासह नंदेश्वर कोठीत राहत होता. दिवसा कज्जे ऐकावे, फिर्यादींचे निकाल द्यावे, शहराचा बंदोबस्त पाहावा, असा त्याचा क्रम असे. त्या बंदोबस्तात एक काळजीचे प्रकरण होते, आणि ते म्हणजे वजीर अलीचे.

आसफउद्दौला १७९७ साली वारला आणि त्याचा दत्तक पुत्र वजीर अली अयोध्येच्या गादीवर आला. चार महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १७९८ मध्ये, कंपनीने त्याला पदच्युत करून आसफउद्दौल्याचा भाऊ सादत अली याला नवाब केले. नव्या नवाबाने दरसाल ७६ लाख रुपये देण्याचे आणि अलाहाबादचा किल्ला कंपनीच्या हवाली करण्याचे मान्य केले. वजीर अलीला दीड लाखाचे वर्षासन बांधून देऊन बनारसला ठेवण्यात आले, आणि तेही माधोदास यांच्या त्याच बागेत, जेथून सतरा वर्षांपूर्वी हेस्टिंग्ज पळाला होता.

मराठी श्रोत्यांना या व्यवस्थेची ओळख पटेल. ज्याचे राज्य घ्यायचे त्याला वर्षासन द्यायचे आणि एखाद्या तीर्थक्षेत्री नेऊन बसवायचे, ही कंपनीची पुढे ठरून गेलेली रीत. १८०३ साली अमृतराव पेशव्यांनी सात लाखांचे वर्षासन पत्करले आणि ते उत्तरेत येऊन राहिले. काशीत त्यांचा दीर्घ निवास झाला. १८१८ नंतर दुसरे बाजीराव आठ लाखांचे धनी होऊन ब्रह्मावर्ताला गेले आणि त्यांचे बंधू चिमाजी आप्पा काशीला आले. वजीर अली त्यांच्या आधीचा. परंतु त्याचे वय अठरा-एकोणीस वर्षांचे होते, गंगास्नानाने मन शांत करावे असे ते वय नव्हते. त्याने पदरी शेकडो हत्यारबंद माणसे ठेवली आणि दूरदूरच्या सत्ताधीशांशी संधान बांधण्याची खटपट चालविली. डेव्हिसला या हालचालींचा संशय आला आणि त्याने तो वर कळविला. नवे गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी वजीर अलीला कलकत्त्यास हलविण्याचे ठरविले. हा हुकूम त्याला सांगण्याचे काम गव्हर्नर जनरलचा बनारसमधील प्रतिनिधी जॉर्ज चेरी याच्याकडे आले.

१४ जानेवारी १७९९ चा तो दिवस. हल्ली त्या तारखेला किंवा दुसऱ्या दिवशी मकरसंक्रांत असते. त्या काळी ती तीन-चार दिवस अगोदरच होऊन गेलेली असे. कारण आपले निरयन वर्ष आणि इंग्रजी वर्ष यांत जो किंचित फरक आहे तो साचत साचत साठ-सत्तर वर्षांत सुमारे एका दिवसाचा होतो. हा हिशेब त्या वेळी बनारसमधल्या ज्या इंग्रजाला सहज करता आला असता तो डेव्हिस सकाळी हत्तीवरून फेरी मारून घरी परतत होता. वाटेत त्याला वजीर अलीचा लवाजमा चेरीच्या घराकडे जाताना दिसला. चेरीकडे न्याहरीचे आमंत्रण होते. तेथे बोलता बोलता वजीर अलीने आपले गाऱ्हाणे मांडले, आवाज चढला, आणि त्याच्या माणसांनी तलवारी उपसल्या. चेरी मारला गेला, कॅप्टन कॉन्वे मारला गेला, आणखीही इंग्रज त्या सकाळी प्राणास मुकले. तेथून जमाव नंदेश्वर कोठीकडे वळला.

डेव्हिसला खालच्या मजल्यावरच्या बंदुका घेण्यास सवड मिळाली नाही. पत्नीला आणि मुलांना गच्चीवर पाठवून तो हाती लागलेला एक भाला घेऊन जिन्याच्या माथ्यावर उभा राहिला. जिना अरुंद आणि वळणाचा होता. एका वेळी एकच मनुष्य वर येऊ शकेल एवढाच. वर येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला भाल्याचे टोक आधी दिसे. खाली सामानाची मोडतोड चालली होती, वर गोळ्या झाडल्या जात होत्या. अशा स्थितीत तासाहून अधिक वेळ त्याने तो जिना राखला. जवळच तळ देऊन असलेल्या जनरल अर्स्किनचे घोडदळ आले तेव्हा हल्लेखोर पांगले आणि ते कुटुंब वाचले.

इंग्रजी प्रवासवर्णनांतून आणि मार्गदर्शक पुस्तकांतून हा प्रसंग पुढे शंभर-सव्वाशे वर्षे सांगितला गेला. बायकामुलांचे रक्षण करण्यासाठी एकटा उभा राहिलेला मनुष्य शूर होता, यात शंका नाही. त्या शौर्याला उणेपणा आणण्याचे कारणही नाही. परंतु कोणत्याही घराचा इतिहास एका तासाचा नसतो. त्या जिन्यावर समोरासमोर आलेली दोन्ही माणसे तेथे का आली होती, हे विचारल्याखेरीज ती हकीकत पुरी होत नाही. डेव्हिस आपले घर राखीत होता. वजीर अलीचे घर एक वर्षापूर्वी गेले होते, आणि ज्यांनी ते घेतले त्यांच्याच कारभाराचे नंदेश्वर कोठी हे एक ठाणे होते. त्याने धरलेला मार्ग खुनाचा होता. न्याहरीला बोलावणाऱ्या यजमानाला मारणे कोणत्याही नीतीत बसत नाही. परंतु त्याला दुसरा मार्ग दाखविणारी कोणती कचेरी होती? बनारसमधला न्यायाधीश डेव्हिस होता, आणि वजीर अलीची फिर्याद डेव्हिसच्या धन्यांविरुद्ध होती.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. वजीर अली आझमगडच्या बाजूने तराईत निसटला आणि भटकत भटकत जयपूरला पोहोचला. शिंद्यांच्या दरबारी असलेला इंग्रज रेसिडेंट कर्नल कॉलिन्स मुद्दाम जयपूरला गेला. जीव घेऊ नये आणि बेड्या घालू नयेत, या अटीवर जयपूरच्या राजाने आश्रिताला त्याच्या हवाली केले. बनारसमध्ये राजघराण्याशी नाते असलेले बाबू जगतसिंह यांच्यावर कटात सामील असल्याचा ठपका येऊन त्यांना शिक्षा झाली. वजीर अली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये सतरा वर्षे कैदेत राहून १८१७ साली मेला. त्याच्या लग्नाला तीस लाख रुपये लागले होते आणि दफनाला सत्तर रुपये पुरले, असे सांगतात.

कोठीतले कुटुंब काही काळाने बनारस सोडून गेले. डेव्हिस कलकत्त्यास मोठ्या हुद्द्यांवर चढला, १८०६ मध्ये स्वदेशी परतला आणि कंपनीच्या संचालकांपैकी एक झाला. हिंदुस्थानच्या महसूलपद्धतीविषयी १८१२ साली पार्लमेंटपुढे आलेला पाचवा अहवाल अभ्यासकांना परिचित आहे. त्याच्या लेखनात डेव्हिसचा मोठा भाग होता. १८१९ साली तो निवर्तला.

त्याचा थोरला मुलगा जॉन फ्रान्सिस हा बनारसच्या त्या सकाळी साडेतीन वर्षांचा होता. वयात आल्यावर तो कंपनीच्या नोकरीत चीनमध्ये कँटनला गेला. बापाने संस्कृत ज्योतिषाचा अभ्यास केला, तसा मुलाने चिनी भाषेचा केला. चिनी नाटके आणि कथा त्याने इंग्रजीत आणल्या. आणि १८४४ साली तो हाँगकाँगचा गव्हर्नर झाला. हाँगकाँग इंग्रजांना मिळाले ते अफूच्या युद्धात, आणि कलकत्त्याच्या लिलावात विकल्या जाणाऱ्या अफूच्या पेट्यांवर नावे असत ती पाटण्याची आणि बनारसची. बनारसच्या आसपासच्या शेतकऱ्याने उचल घेऊन खसखस पेरावी, तिचा चीक ठरल्या भावाने कंपनीलाच घालावा, तो गाझीपूरच्या कारखान्यात जावा आणि तेथून कलकत्त्यामार्गे चीनच्या किनाऱ्याला लागावा, असा तो व्यापार होता. ज्या मुलुखाचा बंदोबस्त बाप नंदेश्वर कोठीत राहून पाहत असे, त्याच मुलुखाच्या पिकावर मिळविलेल्या बंदरात मुलगा राज्य करू लागला. एका कुटुंबाच्या दोन पिढ्यांत हा सारा व्यवहार सामावला आहे. योगायोग असा की, ज्या १८४४ साली तो गव्हर्नर झाला त्याच साली वजीर अलीच्या बंडावरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जिन्यावरचा प्रसंग जगाला ठाऊक झाला तो मुख्यतः या पुस्तकामुळे. जिन्याच्या खाली जे होते त्यांच्यापैकी कोणाच्या मुलाने पुस्तक लिहिले नाही. कोठीतल्या नोकरांचे, पहारेकऱ्यांचे, मारल्या गेलेल्या शिपायांचे काय झाले, हे सांगणारा कोणी उरला नाही. इतिहास पुष्कळदा ज्याच्याकडे दौत आणि सवड असते त्याच्या बाजूने बोलू लागतो, याचे हे एक सरळ उदाहरण आहे.

नंतरच्या काळात कोठी काशीनरेशांकडे आली आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवण्यात आली. १९०६ साली इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, पत्नीसह काशीला आले तेव्हा त्यांचा मुक्काम येथेच होता. १९४९ साली बनारस संस्थान विलीन झाले. एकविसाव्या शतकात या कोठीचे हॉटेल झाले. आंबराई आहे, मोगरा आणि गुलाब फुलतात, आणि पैसे मोजणाऱ्या कोणालाही आता तेथे राहता येते. गव्हर्नर, राजे आणि युवराज यांच्यासाठी राखलेल्या जागेची ही गती पाहून कोणी हळहळेल. मला तीत काही वावगे दिसत नाही. दार उघडले, हे चांगलेच झाले.

मात्र आत जाणाऱ्याने या घराकडे पुरते पाहावे, अशी अपेक्षा आहे. कारण या घरात विद्या आणि सत्ता एका छपराखाली राहत होत्या. ज्याने पंडितांच्या पायाशी बसून 'सूर्यसिद्धान्त' समजून घेतला, त्यानेच त्या पंडितांच्या देशाचा महसूल परक्या कंपनीसाठी मोजला. त्याची जिज्ञासा खोटी नव्हती, आणि त्याची नोकरीही खोटी नव्हती. आपण पुष्कळदा असे समजतो की, दुसऱ्याची विद्या आदराने शिकणारा मनुष्य त्याच्यावर अन्याय करणार नाही. नंदेश्वर कोठीचा इतिहास या समजुतीला आधार देत नाही. ज्ञानाने डेव्हिसची नजर विशाल केली. परंतु ज्या यंत्रणेचा तो एक भाग होता ती यंत्रणा त्यामुळे तसूभरही बदलली नाही.

तथापि विद्येची गोष्ट तेथेच संपली नाही, आणि तिचा पुढचा भाग आपल्या माणसाचा आहे. नगर जिल्ह्यातील गोदाकाठच्या टोके गावचे बापूदेव शास्त्री नागपूर आणि सिहोर येथे शिकून १८४२ साली बनारसच्या त्याच संस्कृत पाठशाळेत ज्योतिष शिकवू लागले, जी डंकनने स्थापन केली होती. डेव्हिसने ज्या ग्रंथावर निबंध लिहिला, त्या 'सूर्यसिद्धान्ता'चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना कोष्टकांचे मर्म कळत नाही असे म्हटले जाई, त्यांच्यापैकीच एक जण आता इंग्रजी वाचकाला ते मर्म शिकवीत होता. पुढे १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहून तीच विद्या मराठीत आणली. त्या पाठशाळेचे आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय झाले आहे, आणि ते नदेसरपासून फार दूर नाही.

श्रोतेहो, पुढे कधी काशीला गेलात तर घाटावरून परतताना थोडी वाट वाकडी करा. माधोदास यांची बाग, नंदेश्वर कोठी आणि संस्कृत पाठशाळा ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतील. पहिल्या ठिकाणी एक राज्य कसे घेतले गेले ते समजेल. दुसऱ्या ठिकाणी ते घेणाऱ्यांनाही एका सकाळी जिवाची भीती कशी वाटली ते समजेल. तिसऱ्या ठिकाणी, ते राज्य गेल्यावर काय शिल्लक राहिले, ते दिसेल. तेथे अजूनही पंचांगाचे गणित शिकविले जाते.